तेरा हजार ब्याण्णव युरो

३ नोव्हेंबर, सोमवार

जर्मनच्या क्लासच्या मॅडम म्हणाल्या, रोज पाच वाक्यं जर्मनमध्ये लिहीत जा, कशाबद्दलही लिहा, भाषा अंगवळणी पडते. म्हणून ही वही आणली. "माझं नाव ज्ञानेश. मी अडतीस वर्षांचा आहे. मी आकुर्डीत राहतो." इथपर्यंत जर्मन पुरली. पुढचं मराठीतच लिहितो. मॅडमना वही दाखवायची नाही म्हणजे झालं.

राजीनामा देऊन महिना झाला. पंधरा तारखेला कंपनीतला शेवटचा दिवस. भोसरीच्या त्या पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये तेरा वर्षं काढली, त्यातली सहा शिफ्ट इनचार्ज म्हणून. आता जर्मनी. तिथे जाऊन नोकरी शोधण्यासाठी एक वर्षाचा व्हिसा मिळतो. नोकरी लागली की मार्चमध्ये शाळा संपल्यावर माझी बायको विजयश्री आणि मुलगी करिष्मा यांनाही न्यायचं. माझ्याबरोबर काम करणारा सुजित दोन वर्षांपूर्वी असाच गेला आणि आता स्टुटगार्टजवळच्या कारखान्यात चांगला रुळलाय. अट एकच कडक आहे. वर्षभर राहण्या-खाण्याचे पैसे आधीच तिथल्या एका खात्यात भरून दाखवायचे. ते खातं ते लोक अडवून ठेवतात आणि तिथे पोचल्यावर दरमहा थोडे थोडे सोडतात. तेरा हजार ब्याण्णव युरो. आजच्या भावाने साडेतेरा लाखांच्या आसपास.

एफडी मोडली, पीएफमधून काढले, विजयश्रीच्या पाटल्या आणि गंठण विकलं. अकरा लाख पंधरा हजार झाले. बाकीचे ग्रॅच्युइटीतून येतील.

पाटल्या काढून देताना विजयश्रीने मनगटाला साबण लावला, फिरवून काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. मीच म्हणालो, दोन वर्षांत दुप्पट करून देतो. तिने मान हलवली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

एमआयडीसीची सुट्टी. घरी बसवेना. सकाळी गाडी काढून चाकणपर्यंत गेलो, तळेगाव चौकात चहा घेतला, परत आलो. काम काहीच नव्हतं. दुपारी पुन्हा बाहेर पडलो आणि निगडीपर्यंत जाऊन आलो. युरो वीस पैशांनी वर.

करिष्मा अभ्यास करत होती. म्हणाली, "बाबा, पाय हलवू नका ना, सगळं टेबल हलतंय." मला कळलंही नव्हतं. दहा वर्षांची आहे, पण आईसारखी बोलते.

९ नोव्हेंबर, रविवार

विजयश्री सकाळी डबा भरून भोसरीला गेली. चिंचवडच्या लॅबमध्ये काम करते, रविवार हाच तिचा एक दिवस मोकळा, तोही ती महिनाभर असा घालवतेय. भोसरीत तिची बहीण वर्षाली राहते. तिच्या सासूबाई आजारी असाव्यात, कारण पिशवीत गॉज आणि मलमपट्टीचं सामान दिसलं. मी विचारलं नाही. बहिणी-बहिणींचं असतं काही.

मी कागदांची फाइल लावली. डिग्री, मार्कलिस्ट, भाषेचं सर्टिफिकेट, बँकेचं स्टेटमेंट. राहिलं फक्त कंपनीचं अनुभवाचं पत्र. ते नसेल तर पैसे असूनही उपयोग नाही. मुंबईची अपॉइंटमेंट १८ डिसेंबरची मिळालीय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एचआरच्या मॅडमनी बोलावलं. वाटलं, पत्राबद्दल असेल. त्यांनी सप्टेंबरमधल्या प्रकाराबद्दल विचारलं.

१९ सप्टेंबरला शालनबाईंचा हात प्रेसमध्ये आला. कंत्राटी कामगार, वय पंचेचाळीस, मूळच्या परभणीकडच्या, माझ्याच शिफ्टला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. सेन्सरने काम केलं नाही. मीच त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात नेलं, माझा शर्ट रक्ताने भरला होता. जे करता येण्यासारखं होतं ते केलं.

आता त्यांनी नुकसानभरपाईसाठी वकील धरलाय. मॅडम म्हणाल्या, तुम्ही जायच्या आधी तुमचं म्हणणं लेखी हवं. कागद तयारच होता. त्यात लिहिलं होतं की कामगाराने मनाई असताना स्वतः सेन्सर बंद करून हात आत घातला. मी म्हणालो, वाचून सांगतो. त्या म्हणाल्या, "वाचा ना. तुमचं फायनल सेटलमेंट आणि हे, दोन्ही एकदमच करून टाकू."

आवाजात धमकीसारखं काही नव्हतं. चहाही मागवला माझ्यासाठी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बबनराव घरी आले. कंपनीला कामगार पुरवतात ते हेच. मूळ भोसरी गावठाणातले. रस्त्यात जमीन गेली, त्या पैशातून धंदा उभा केला. शालनबाई त्यांच्याकडूनच लागल्या होत्या. त्यांचं नाव ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विम्यात, घालायचं राहून गेलं होतं म्हणे, म्हणून भरपाई बबनरावांच्या आणि कंपनीच्या अंगावर येतेय.

येताना पेढे आणले होते. "आवो ज्ञानेशराव, परदेशी चाललाय, त्वांड तर गोड केलं पायजे." मग मुद्द्यावर आले. "बाईला आमी वाऱ्यावर सोडत न्हाई. पन्नास हजार देतोय, आजून देऊ. पर कोर्टात गेलं तर समद्यांचंच वाटुळं व्हतं. त्यात तुमचं पण नाव येतंय, व्हय का न्हाई? तुमी शिफ्टचे साहेब. आमी तुमचं भलंच बघतोय. कंपनी तुमाला वरून दीड लाख देती. एक्स-ग्रेशिया म्हणत्यात त्याला."

मी सांगितलं, विचार करतो. जाताना त्यांनी करिष्मापुढे पाचशेची नोट धरली. तिने घेतली नाही. आईकडे बघत राहिली.

विजयश्रीने विचारलं, "कशाचे दीड लाख?" मी म्हणालो, तेरा वर्षांच्या कामाचे. ती स्वयंपाकघरात गेली. पेढ्यांचा डबा फ्रिजवर तसाच आहे.

ग्रॅच्युइटीचे दोन लाख अठ्ठावीस हजार आणि हे दीड. म्हणजे तेरा हजार ब्याण्णव युरो भरून तिकिटाचेही सुटतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सही केली.

निरोप समारंभ बरा झाला. शाल, नारळ, घड्याळ. प्रॉडक्शन हेड म्हणाले, ज्ञानेशने कधी कारणं दिली नाहीत, कायम नंबर दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अनुभवाचं पत्र तिथेच हातात दिलं, लेटरहेडवर, दोन प्रती.

घरी येताना रस्ता चुकलो. तेरा वर्षांच्या रोजच्या वाटेवर स्पाइन रोडला भलतीकडे वळलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पैसे जमा झाले. ३,७८,०००. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी दळण आणायला गेलो होतो. दळण गिरणीतच विसरलो.

सगळं जमलंय. तरी झोप नाही, भूक नाही. वजन केलं, चार किलो उतरलंय. विजयश्री म्हणते रक्त तपासू. काही झालेलं नाही मला. एकदा विमानात बसलो की सगळं जागेवर येईल. इतका मोठा निर्णय, माणूस अस्वस्थ होणारच.

२३ नोव्हेंबर, रविवार

शालनबाईंचा फोन आला. नंबर सेव्ह नव्हता म्हणून उचलला.

"साहेब, शालन बोलायलेय. वळखलं का?"

मी म्हणालो, हो, कशा आहात.

"बरी हाय. जखम भरंना गेलीय, शुगर हाय न्हवं. साहेब, येक काम व्हतं. वकील म्हन्तो, कुणी तरी बघणारा साक्षीदार पायजे. लाइनवरच्या बाया भेत्यात, त्यांच्या नोकऱ्या हायेत. तुमी तर नोकरी सोडली म्हनं. तुमी बोललात तर लोक ऐकतील. तुमी खरं बोलणारे हायेत."

मी म्हणालो, मी बाहेरगावी जाणार आहे, जमेल का बघतो.

"बघा साहेब. त्या दिवशी तुमीच व्हतात म्हणून मी वाचले. माझं डोस्कं मांडीवर घेऊन बसला व्हतात तुमी रिक्षात. मी इसरले न्हाई."

फोन ठेवल्यावर गाडी घेऊन बाहेर पडलो. देहूरोडपर्यंत गेलो आणि परत आलो. पेट्रोलवर फार खर्च होतोय या महिन्यात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जर्मनीच्या खात्यासाठी पैसे पाठवायचा अर्ज भरला. संध्याकाळी त्यांचा ईमेल आला. प्रत्येक मोठ्या रकमेचा उगम सांगा, कागद जोडा. एफडीचा कागद आहे. पीएफचा आहे. सोनाराची पावती आहे, त्यावर विजयश्रीचं नाव आहे. ग्रॅच्युइटीचा हिशेब आहे. दीड लाखांपुढे कंपनीच्या पत्रात फक्त एक्स-ग्रेशिया एवढंच लिहिलंय. त्यांनी विचारलंय, ही रक्कम कशासाठी मिळाली ते एका वाक्यात लिहा.

क्लासमध्ये मॅडमना विचारलं, एक्स-ग्रेशियाला जर्मनमध्ये काय म्हणतात?

त्या म्हणाल्या, "दोन-तीन शब्द आहेत. कशाबद्दल मिळाले ते सांगा, म्हणजे नेमका शब्द सांगते."

मी म्हणालो, असू द्या, बघतो.

बाकीची पोरं माझ्याकडे बघत होती. सगळी विशी-पंचविशीतली. मी वही उघडून काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

३० नोव्हेंबर, रविवार

ठरवलं होतं की शालनबाईंना समक्ष भेटून सांगायचं, मला साक्ष द्यायला जमणार नाही. फोनवर सांगणं बरं दिसत नाही. फळं घेतली. विजयश्री सकाळीच गेली होती.

भोसरीत एका लांब चाळीत त्यांची खोली आहे, दहा बाय दहाची. दार उघडंच होतं. आत विजयश्री जमिनीवर बसली होती. हातात ग्लोव्हज, शेजारी गरम पाण्याचं पातेलं. शालनबाईंचा उजवा हात तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर होता. ती जुनी पट्टी ओली करून हळूहळू सोडवत होती.

माझ्याकडे बघून ती दचकली नाही. म्हणाली, "चप्पल बाहेर काढा."

शालनबाई खुश झाल्या. "या साहेब, या. मी वैनींना म्हन्लं व्हतं, साहेब येक दिस येतेत का न्हाई बघा. तुमीच धाडता न्हवं त्यांना दर ऐतवारी? दवाखान्यात पट्टीला दीडशे घेत्यात. वैनी हायेत म्हणून."

मी फळं ठेवली. पट्टी निघाली. मी त्या हाताकडे पाहिलं. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा पाहिलं. अंगठा आणि करंगळी आहे. मध्ये काही नाही.

शालनबाई बोलतच होत्या. "मी वैनींना सगळं सांगितलंय. त्या मशीनची हिरवी लाइट तीन दिस लागंना गेली व्हती. मी साहेबांना बोलले व्हते. साहेबांनी वर कळवलं असंल, वरच्यांनी ऐकलं न्हाई, आपलं नशीब."

विजयश्री कापूस पिळत होती. तिने मान वर केली नाही.

मी जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं नाही. चहा घेतला. शालनबाईंनी डाव्या हाताने केला, साखर सांडली.

येताना विजयश्री गाडीवर मागे बसली. थरमॅक्स चौकाच्या सिग्नलला मी विचारलं, "कधीपासून जातेस?"

"ऑक्टोबरपासून."

"मला सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, "तुम्ही मला काय सांगितलंय?"

मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवला. सिग्नल सुटला होता.

१ डिसेंबर, सोमवार

लिहून टाकतो.

त्या प्रेससमोर सेन्सर असतो. हात आत असला की मशीन खाली येत नाही. तो चालू असला की वर हिरवी लाइट लागते. सप्टेंबरमध्ये तो दर दहा-पंधरा मिनिटांनी मशीन उगाच थांबवायचा. तेलाचा धूर बसला होता, भाग बदलायला हवा होता, भाग यायला आठ दिवस लागणार होते. दसऱ्याच्या आधीचा माल जायचा होता. प्रॉडक्शन हेडचा फोन आला, "ज्ञानेश, मला कारणं नकोत, नंबर हवेत."

१६ सप्टेंबरला मी पॅनेल उघडून किल्ली फिरवली आणि सेन्सर बंद केला. मी. दुसऱ्या कुणी नाही. शालनबाईंनी विचारलं, "साहेब, हिरवी लाइट लागंना गेलीय." मी म्हणालो, "असू द्या, चालू द्या."

तीन दिवस नंबर चांगले आले. चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता ते झालं.

रुग्णालयातून परत येऊन मी आधी शॉपमध्ये गेलो. किल्ली होती तशी फिरवून ठेवली आणि मग घरी जाऊन शर्ट बदलला.

राजीनामा मी ३ ऑक्टोबरला दिला. जर्मनीचं आधीपासून डोक्यात होतं, हे खरं आहे. पण चार वर्षं नुसतं डोक्यातच होतं.

४ डिसेंबर, गुरुवार

सुजितचा फोन. म्हणाला, "भावा, खोली बघून ठेवलीय, जानेवारीत ये, बर्फ बघायला मिळेल." मग विचारलं, आवाज असा का रे? मी म्हणालो, सर्दी.

विजयश्रीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, भाजी निवडत होती. तिला बहुतेक सगळं माहीत होतं, फक्त कागदावर सही केल्याचं नव्हतं. ते ऐकल्यावर तिचे हात थांबले.

मी म्हणालो, "मी असं करतो. आधी जातो. पत्र हातात आहे, पैसे आहेत, अपॉइंटमेंट आहे. तिथे पोचलो, नोकरी लागली की तिथून लेखी पाठवतो सगळं. शालनबाईंना पैसेही पाठवीन दरमहा. इथे राहून बोललो तर सगळंच जाईल. कुणाचा फायदा त्यात?"

"तिथून पाठवाल?"

"पाठवीन."

तिने निवडलेली भाजी ताटात सारली. मग म्हणाली, "जा. मी अडवणार नाही. पण माझ्या पाटल्यांचे पैसे त्यातून काढून ठेवून जा. ते मी त्या दीड लाखांबरोबर जाऊ देणार नाही."

मी हिशेब केला. ते काढले तर साडेतीन लाखांच्या वर कमी पडतात. तिलाही तो हिशेब येतो.

५ डिसेंबर, शुक्रवार

बँकेत गेलो. रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा निघून आलो. पाटल्यांचे पैसे तिच्या खात्यात टाकायचे की दीड लाख परत करायचे, हे ठरत नव्हतं. दोन तासांनी पुन्हा गेलो. बँकेतल्या मुलीने विचारलं, "सर, तुम्ही सकाळी येऊन गेलात ना?"

दीड लाखांचा चेक बँकेतून कंपनीच्या नावाने काढून घेतला आणि कुरिअर केला. सोबत पत्र जोडलं, पंधरा नोव्हेंबरची माझी सही मी मागे घेत आहे. पत्र चार वेळा लिहिलं. शेवटचं सर्वांत लहान झालं.

७ डिसेंबर, रविवार

विजयश्रीबरोबर भोसरीला गेलो. वाटेत दोन वेळा थांबलो. तिने घाई केली नाही.

पट्टी झाल्यावर सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, बसवेना. किल्ली मी फिरवली. वर कुणाला कळवलं नव्हतं, वरून नंबर मागत होते म्हणून मीच केलं. आणि तुमच्याविरुद्धच्या कागदावर सही पण केली, पैसे घेतले, आता परत केलेत.

शालनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता. त्यांनी मला काही विचारलं नाही. विजयश्रीला विचारलं, "तुमाला म्हाईत व्हतं, वैनी?"

विजयश्री म्हणाली, "अंदाज होता. यांच्या तोंडून गुरुवारी कळलं."

"मंग तुमी बी यायचं न्हाई आता."

विजयश्रीने पातेलं उचललं, बाहेर नळावर धुतलं, आत आणून पालथं घातलं. आम्ही निघालो. दार मागून लागलं. हाताने ओढल्यासारखं नव्हतं, पायाने ढकललं असावं.

घरी आल्यावर ती रडली. मला वाटलं होतं, सांगून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही वाटलेलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

बबनरावांचा फोन. या वेळी राव नव्हतं. "काय रं ज्ञानेश, डोकं फिरलं का तुझं? आवो-जावो करून बोलत व्हतो तर डोक्यावर चढला. कंपनी म्हणती, साहेबानंच किल्ली फिरवली, आमाला म्हाईत न्हाई. आता बस बोंबलत. तू एकटाच जाशील आत."

मी म्हणालो, फोन कुणाचा आला होता ते मोबाइलमध्ये आहे. नंबर मागणारे मेसेजही आहेत.

त्यांनी फोन ठेवला.

शालनबाईंच्या वकिलाला भेटलो. तरुण माणूस आहे, चिंचवड स्टेशनजवळ ऑफिस. त्याने स्पष्ट सांगितलं, "तुमच्यावरही केस होऊ शकते. मी शालनबाईंचा वकील आहे, तुमचा नाही. तुम्ही तुमचा वेगळा बघा." मी म्हणालो, बघतो. त्याने पाणी दिलं. मेसेजचे फोटो काढून घेतले, एकेक, तारखेसकट.

१४ डिसेंबर, रविवार

विजयश्री डबा घेऊन गेली. मी म्हणालो, नको म्हणाल्यात ना त्या. ती म्हणाली, "जखमेला काय माहीत कोणी काय म्हटलंय."

दोन तासांनी परत आली. डबा भरलेला तसाच. पायरीवर बसले होते म्हणाली, दार उघडलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

उद्याची मुंबईची अपॉइंटमेंट रद्द केली. अनुभवाचं पत्र अजून फाइलमध्ये आहे, ते खोटं नाही, पण अपघाताचा तपास चालू असताना व्हिसाच्या अर्जावर सही करून मी तिथल्या लोकांना काय सांगणार होतो? रद्द करायचं बटण दाबल्यावर तीनदा विचारतात, खात्री आहे का म्हणून. तिसऱ्या वेळी करिष्माने विचारलं, "बाबा, आपण नाही जाणार?" मी म्हणालो, आत्ता नाही. ती म्हणाली, "मग मला स्कूल व्हॅनच्या काकांना सांगावं लागेल. मी मार्चनंतर येणार नाही असं सांगितलंय."

क्लासची फी मार्चपर्यंत भरलेली आहे. जातो आहे. निदान तास-दीड तास एका जागी बसणं होतं.

२१ डिसेंबर, रविवार

आज विजयश्री तीन तासांनी आली. डबा रिकामा. गॉजचा रोलही संपलेला. ती एवढंच म्हणाली, "भरतेय जखम. कडेने लाल आहे अजून."

२९ डिसेंबर, सोमवार

भोसरीतल्याच एका लहान वर्कशॉपमध्ये लागलो. पगार आधीच्या निम्म्याहून थोडा वर. आठ माणसं, चार मशीन. पहिल्या दिवशी सकाळी मी चारही मशीनचे सेन्सर हात घालून तपासले. मालक बघत होते. म्हणाले, "अहो, बंद आहेत का चालू ते मी सांगितलं असतं की." मी म्हणालो, रोज तपासणार. त्यांनी खांदे उडवले.

सुजितला कळवलं. त्याने लिहिलं, खोली सोडून देतो.

८ जानेवारी, गुरुवार

आज फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जबाब झाला. शालनबाई वकिलाबरोबर आल्या होत्या. हातावर पट्टी नव्हती, पदराखाली धरला होता. माझ्याकडे पाहिलं नाही. साधी चप्पल, घरातली साडी, कपाळावर मोठं कुंकू.

मी सांगत गेलो, समोरचा कारकून टाइप करत गेला. दीड तास लागला. इन्स्पेक्टर साहेबांनी प्रश्न विचारले. पॅनेल कुणी उघडलं, किल्ली कुणाकडे असते, तोंडी सांगितलं की लेखी. सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, वाचून बघा आणि सही करा.

शालनबाई पहिल्यांदा बोलल्या. "मोठ्यानं वाचायला सांगा त्यांना. मला वाचता येत न्हाई, पर ऐकता येतंय."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी वाचायला लागलो. सरकारी मराठी, लांब लांब वाक्यं. "सदर यंत्राची सुरक्षा यंत्रणा मी स्वतः दिनांक १६ सप्टेंबर रोजी बंद केली. कामगार श्रीमती शालन यांनी ही बाब माझ्या निदर्शनास आणून दिली असता मी त्यांना काम चालू ठेवण्यास सांगितले." इथे आवाज अडकला. पुढचं कसंतरी वाचून संपवलं.

शालनबाई म्हणाल्या, "परत वाचा. तेवढंच."

मी परत वाचलं. या वेळी अडकलो नाही.

"निदर्शनास म्हंजी काय?"

कारकून म्हणाला, तुम्ही त्यांना सांगितलं होतं, असं.

"व्हय. सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. "बरोबर हाय."

मी सही केली.

बाहेर आल्यावर गेटजवळच्या बसस्टॉपवर त्या थांबल्या. वकील झेरॉक्स काढायला गेला होता. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, घरापर्यंत सोडू का? त्यांनी मान हलवली, नको.

मग म्हणाल्या, "तुमी परदेशात जाणार व्हतात न्हवं?"

"होतो."

"वकील म्हन्तो, केसला दोन-तीन वर्सं लागतील. उलटतपासणी का काय व्हती म्हनं. तवा तुमी न्हाई आलात तर ह्या कागदाचा काय बी उपेग न्हाई."

"मी येईन."

"मला वैनींनी बी तसंच सांगितलं. पर मी तुमच्या तोंडी बोलण्यावर येकदा काम केलंय, साहेब." त्या शांतपणे बोलत होत्या, भाजीचा भाव विचारावा तशा. "लिवून द्या."

तेवढ्यात वकील परत आला, त्याच्या हातातल्या गठ्ठ्यातून एक कोरा कागद मागून घेतला. गाडीच्या सीटवर ठेवून लिहिलं. मी, अमुक, राहणार आकुर्डी, केस संपेपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहीन, तोपर्यंत देश सोडून जाणार नाही. सही, तारीख, फोन नंबर. विजयश्रीचाही नंबर लिहिला.

वकिलाने वाचून दाखवलं. कायद्याने याला अर्थ नाही, असंही सांगितलं.

"असू द्या," शालनबाई म्हणाल्या. कागद सीटवरच ठेवला, डाव्या हाताने चार घड्या घातल्या. घडी नीट बसेना म्हणून उजव्या हाताची करंगळी आणि अंगठा लावला. मग पिशवीतल्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये सरकवून दिला आणि बस आली तशी चढून गेल्या.

पुढची तारीख बारा मार्च.